‘सरांना आत बसवूया’: केजहून पुण्याला, इंजेरा खायला

परत येऊन आठवडा झाला. राग उतरला की लिहू, असं ठरवलं होतं. तो काही उतरेना, तेव्हा आता आहे तसंच लिहिते. पुण्यात इथिओपियन जेवायला गेल्यावर काय मागवावं, केजहून कसं जावं, एवढंच ज्यांना हवंय त्यांनाही ते इथे सापडेल. पण त्यासाठी मधलं सगळं वाचावं लागेल.

आधी नानांबद्दल. नाना म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी साखर कारखान्यात फिटर म्हणून झाली. पंधराएक वर्षांपूर्वी इथिओपियात एक नवा साखर कारखाना उभा राहत होता. तिथे इकडचे फिटर हवे होते. नाना एका ठेकेदाराबरोबर वर्षभरासाठी म्हणून गेले आणि तीन वर्षं राहिले. परत आले ते गोष्टी घेऊन. कोळशावर भाजलेल्या कॉफीच्या गोष्टी, कॉफीबरोबर लाह्या देतात त्याच्या गोष्टी, आणि सगळ्यात जास्त इंजेऱ्याच्या. इंजेरा म्हणजे पीठ आंबवून केलेली, परातीएवढी मोठी, जाळीदार, मऊ आंबोळी समजा. ती ताटभर पसरायची आणि तिच्यावरच कालवणं वाढायची. त्यातलं शिरो नावाचं कालवण म्हणजे आपलं पिठलंच, मसाला तेवढा वेगळा.

“तिकडं ताट एकच,” नाना सांगायचे. “चौघं असू द्या न्हाईतर सहा. अन् पयला घास आपुन खायचा न्हाई, शेजारच्याच्या तोंडात घालायचा. त्याला गुर्शा म्हंत्यात.”

तीन वर्षांपूर्वी नानांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. तंबाखू. डाव्या बाजूचं हाड काढलं, मग रेडिएशन. नाना वाचले, ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती विसरत नाही. पण तोंड आता जेमतेम उघडतं, तिखट सोसत नाही, डाव्या कोपऱ्यातून पातळ पदार्थ गळतो आणि एका भाकरीला तास लागतो. तीही दुधात कुस्करलेली. तेव्हापासून नाना सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून जेवतात. लग्नाला जातात, आहेर देतात आणि न जेवता परत येतात. या तीन वर्षांत त्यांनी आपण होऊन खायला काही मागितलं नव्हतं.

मग एका दुपारी दुधातली भाकरी चमच्याने ढवळत ते एकदम म्हणाले, “इंजेरा असता तर बरं झालं असतं. कालवण पिऊन नुसता लोण्यासारखा होतो. चावायचं कामच न्हाई.”

मी तिथल्या तिथे मोबाइल काढला. पुण्यात एक इथिओपियन हॉटेल निघालं. नाव लिहिणार नाही, फुकटची जाहिरात होईल. नानांची तपासणी जवळ आलीच होती. माझं केजात झेरॉक्सचं दुकान आहे, ते दोन दिवस बंद ठेवायचं ठरवलं. हॉटेलात फोन करून विचारलं, बिनतिखटाचं मिळेल का? पलीकडचा माणूस म्हणाला, “मिळेल ना मॅडम, वेलकम.” हे वेलकम लक्षात ठेवा.

केजहून पुण्याला सकाळची एसटी बरी. मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, नगर असा रस्ता आहे. बाईमाणसाला अर्धं तिकीट, ज्येष्ठालाही अर्धं, म्हणजे आम्हा दोघांत मिळून एक तिकीट झालं. रस्त्याबद्दल एवढंच सांगते की ज्यांचं पाठीचं दुखणं आहे त्यांनी मागच्या चाकावरची सीट घेऊ नये. पाटोद्यापुढे एका खड्ड्यात अख्खी गाडी एकदम “आई गं” म्हणाली. ऊसतोडीला निघालेली दोन कुटुंबं जामखेडला चढली, भांड्याकुंड्यांसकट. त्यांच्यातल्या म्हातारीने नानांना जागा मागितली नाही, उलट आपलं गाठोडं त्यांच्या पायाशी टेकायला दिलं. “पाय ठिवा वर, बरं वाटंल,” म्हणाली.

आष्टीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी चहा आणला. नानांनी बशीत ओतून, निववून, टॉवेल हनुवटीला लावून प्यायला सुरुवात केली. पुढच्या सीटवरचा एक माणूस वळून बघायला लागला. एकदा बघितलं, समजू शकते. हा बघतच राहिला. शेवटी मी म्हटलं, “भाऊ, तुम्हाला पण आणू का चहा?” तेव्हा मान वळली.

नाना म्हणाले, “कावून भांडती गं? बघंल अन् गप बसंल.”

“बघायचं कशाला पण?”

“तू लई तापट हायस,” नाना म्हणाले आणि उरलेला चहा खिडकीतून ओतून टाकला. अर्धी बशी. तो चहा अजून माझ्या डोक्यात आहे.

संध्याकाळी हडपसरला मावसबहिणीकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. डॉक्टर दर वेळी नानांना तोंड उघडायला सांगतात आणि त्यात किती बोटं जातात ते बघतात. या वेळी दोन गेली. म्हणजे चांगली प्रगती. “तिखट सोडून जे गिळता येईल ते खा,” डॉक्टर म्हणाले. नानांनी विचारलं, “इथिओपियन चालंल का?” डॉक्टर आधी चक्रावले आणि मग खो खो हसले. नानांच्या चेहऱ्यावर असं काही मिश्कील मी फार दिवसांनी बघत होते.

रिक्षाने हॉटेलपर्यंत गेलो. शहराच्या त्या भागात झाडं पुष्कळ, फुटपाथ चांगले, आणि प्रत्येक दारात एक काळ्या शर्टातला माणूस उभा. आमचं हॉटेलही तसंच होतं. पुढे सगळी काच, आत भिंतीवर रंगीत विणलेल्या टोपल्या टांगलेल्या. नाना त्या बघून दारातच थांबले. “ह्या टोपलीवरच ताट ठेवत्यात,” म्हणाले. “तिकडं आमच्या कॉलनीत घरोघर होत्या.” काचेजवळचं टेबल रिकामं होतं, तिथे बसलो.

काय मागवायचं ते नानांनीच सांगितलं. शिरो, मसुरीचं मिसिर आणि अलिचा. अलिचा म्हणजे हळदीचं, बिनतिखट कालवण. तुमच्याबरोबर म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर हेच मागवा. मोठं गोल ताट आलं, इंजेऱ्याने झाकलेलं, मध्ये कालवणांचे ढीग. नानांनी कडेचा तुकडा तोडला, अलिचात बुडवला, थोडा वेळ तसाच धरला आणि तोंडात सारला. मान हलत होती, वर-खाली, भजनात हलावी तशी.

शेजारच्या टेबलावर तिघं येऊन बसले, दोन पुरुष, एक बाई, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं. नानांचं आणि त्यांचं लक्ष एकमेकांकडे गेलं. आपल्याकडे कुणी समोर आलं की आपण जे म्हणतो तेच नाना म्हणाले, “या, जेवायला.” हातात घास, हनुवटीवर थोडी हळद. तिघांनी मान खाली घातली.

मग त्या बाई म्हणाल्या, “मला नाही बघवत, यार. माझं जेवण जाणार नाही.” मराठीत म्हणाल्या. इंग्रजीत म्हटलं असतं तर निदान नानांना कळलं नसतं. त्यांच्यातला एक जण उठून काउंटरवर गेला. नानांनी टॉवेलाने तोंड पुसलं आणि ताटापासून हात मागे घेतला.

काळ्या शर्टातला मॅनेजर आला. तिशीतला, अगदी गोड आवाजाचा.

“मॅडम, एक छोटीशी रिक्वेस्ट होती. सरांना आत बसवूया का? तिथे शांत आहे. त्यांनाही कम्फर्टेबल वाटेल.”

“आत म्हणजे कुठे?”

त्याने हात केला तिकडे मी जाऊन बघून आले. हात धुवायच्या बेसिनला लागून एक टेबल. त्यावर पेपर नॅपकिनचे गठ्ठे, खाली कोल्ड्रिंकचे क्रेट, बाजूला संडासाचं दार.

“तिथे?”

“लगेच क्लीन करून देतो ना. पंखा पण लावतो.”

“सर आहेत तिथे कम्फर्टेबल आहेत,” मी म्हटलं.

“नाही, म्हणजे बाकीच्या गेस्टना जरा...”

“मग बाकीच्या गेस्टना आत बसवा. शांत आहे म्हणता ना तिथे.”

“प्लीज, आवाज वाढवू नका मॅडम.”

मी अजून वाढवलेलाच नव्हता. मग वाढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. या माणसाला कॅन्सर झाला होता, तो तुमच्या ताटात सांडत नाहीये, आम्ही फोन करून आलोय, असं बरंच काही. हॉटेलातली सगळी आमच्याकडे बघत होती, आणि त्यातलं एकही माणूस, एकही, काही बोललं नाही. मॅनेजर दोन्ही हात पुढे बांधून तोच गोड चेहरा करून उभा.

आणि नाना उठले. टॉवेलाची घडी करून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “बसू गं आत. जेवण तेच हाय ना.”

तोपर्यंत मी मॅनेजरवर चिडले होते. त्या क्षणी नानांवर चिडले. आयुष्यभर कारखान्यात सुपरवायझरपुढे, बँकेत शिपायापुढे, दवाखान्यात कंपाउंडरपुढे हे असंच, “तेच हाय ना.” मी पिशवी उचलली, त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, “या लोकांचं अन्न नको आपल्याला.” काचेचं दार ढकलून आम्ही बाहेर आलो.

फुटपाथवर उन्हात मी मोबाइलवर रिक्षा बघायला लागले. नाना शेजारी उभे होते.

“मला भूक लागली,” ते म्हणाले.

“दुसरीकडे खाऊ नाना. चांगल्या ठिकाणी.”

“दुसरीकडं इंजेरा मिळतो का?”

“नाही मिळत. नको तो इंजेरा! तुम्हाला संडासाजवळ बसवत होते, कळलं नाही का तुम्हाला?”

“कळलं,” नाना म्हणाले. ऑपरेशनपासून त्यांचे शब्द थोडे बोबडे येतात, पण हे अगदी सरळ आले. “त्या माणसानं मला इचारलं न्हाई, तुला इचारलं. अन् तू बी मला इचारलं न्हाईस. हाताला धरून भाईर आणलंस. मी जेवायला आलतो गं. भांडायला न्हाई.”

एवढं बोलून ते वळले, आणि दार ढकलून परत आत गेले. एकटे.

मी गेले नाही. हट्टाने तिथेच उभी राहिले. काचेतून दिसत होतं. नाना त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत जाऊन बसले. टेबल पुसून लख्ख केलेलं होतं, आमचं भरलेलं ताट उचलून नेलं होतं. मॅनेजर त्यांच्यासमोर वाकला. मग मला राहवेना. मी आत शिरले तेव्हा नाना बोलत होते.

“ताट कावून उचललं? माझं जेवण व्हायचं होतं. दुसरं आणा.”

“सर, आपण आत...”

“आत न्हाई. हितं. साहेब, ह्याच तोंडानं मी केजावरून आलो. ह्याच तोंडानं जेवणार. ज्याला बघवत न्हाई त्यानं तिकडं बघावं.”

नानांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला पांढरा रुमाल, हात पिठाचे. भांडणाचा आवाज आत गेला होता. त्यांना बघून नाना खुर्चीतून अर्धे उठले.

“सेलाम,” म्हणाले. “शिरो बेताम तिरू.” म्हणजे शिरो फार छान झालंय.

बाई जागच्या जागी थांबल्या. “अबाबा!” त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात. मग त्यांनी त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी विचारलं. नाना हसून बोटांची चिमूट दाखवत म्हणाले, “तिनिश, तिनिश.” थोडं थोडं येतं.

त्यांचं नाव मुलू. मोडक्या हिंदीत त्यांनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि खरं सांगते, त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटलं, कारण माझ्याइतकं चिडलेलं आणखी एक माणूस त्या हॉटेलात निघालं.

त्या मॅनेजरकडे वळल्या. “हमारे उधर सबसे बूढ़ा पहले खाता. बाद में सब लोग. तुम अबाबा को बाथरूम के पास भेजता?”

“मुलू, किचन,” मॅनेजर म्हणाला. गोड आवाज संपला होता.

“किचन जाएगा. पहले अबाबा खाएगा.”

आणि त्या स्वतः ताट घेऊन आल्या. आधी किटलीने नानांच्या हातावर पाणी घातलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ विचारलं, “मुँह कितना खुलता?”

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. तीन वर्षांत लोक एकतर टक लावून बघतात किंवा मुद्दाम दुसरीकडे बघतात. असं विचारलं मात्र कुणी नाही. नानांनी दोन बोटं दाखवली. मुलूंनी त्या मापाची छोटी सुरळी केली, अलिचात नीट भिजवली आणि त्यांच्या तोंडात घातली. थोडं गळलं. त्यांनी नानांच्याच खांद्यावरचा टॉवेल घेऊन ते पुसलं, कपाला सांडलेला चहा पुसावा इतक्या सहज. मग नानांनी एक घास केला आणि त्यांना भरवला. एक मला. माझ्या घशातून तो उतरेना. लोकांना वाटेल भरून आलं होतं. नाही. मी अजून त्या शेजारच्या टेबलाकडे बघत होते.

ते तिघं लवकर उठले. जाताना त्या बाई नानांजवळ थांबून “सॉरी काका” म्हणाल्या, नजर मोबाइलवर. नाना म्हणाले, “असू द्या.” माझ्याकडे ‘असू द्या’ शिल्लक नव्हतं.

नाना तासभर जेवले. मुलू आत-बाहेर करत होत्या. त्यांच्याकडून कळलं की त्यांचे पती शिकायला पुण्यात आले आणि मग दोघं इथेच राहिले. हॉटेल दुसऱ्याचं आहे, मॅनेजर मालकाचा पुतण्या. इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा करतात, पण ते इकडे नेहमी मिळत नाही, म्हणून त्या निम्मं ज्वारीचं पीठ घालतात. म्हणजे आम्ही केजहून पुण्याला ज्वारी खायला गेलो होतो! हे ऐकून नाना एवढे हसले की ठसका लागला.

निघताना मॅनेजरने “कॉम्प्लिमेंटरी” म्हणून गोड केक पुढे केला. मी नको म्हटलं. नानांनी घेतला आणि खाल्लाही. बाहेर पडल्यावर मी मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मॅनेजर मुलूंसमोर बोट नाचवून बोलताना दिसला. मी परत फिरणार होते.

“ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले. “ती काय लेकरू हाय का? तिला लागलं असतं तर तिनं हाक मारली असती.”

नाना बरोबर असतील. पण परत आल्यापासून मी त्या हॉटेलात तीनदा फोन केला. “मुलू आहेत का?” दर वेळी “बिझी आहेत.” त्यांची नोकरी शाबूत आहे का, एवढंच मला हवंय आणि तेवढंच कुणी सांगत नाही. इंटरनेटवर सगळं सविस्तर लिहिलं, तर खाली उत्तर आलं, “आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, सेवेची संधी पुन्हा द्यावी.” हे वाचून मी मोबाइल गादीवर आपटला. जमिनीवर आपटणं परवडत नाही.

परतीच्या गाडीत नगरपर्यंत नाना झोपले होते. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात त्या तिघांशी भांडत होते. नंतर जाणवलं की त्यांचे चेहरे आठवतच नाहीत. आठवतायत ती इकडचीच माणसं. लग्नात नानांचं ताट वेगळ्या खोलीत लावणारे आमचे जवळचे पाहुणे. “नाना, तुम्हाला नंतर निवांत वाढू” म्हणणारे. कुणी वाईट नाही, सगळे गोड आवाजाचे.

आता विचाराल, जावं का तिथे? जा. अलिचा मागवा, शिरो मागवा, काचेजवळच्या टेबलावर बसा. स्वयंपाकघरात मुलू असतील तर केजच्या फिटरचा सेलाम सांगा. आणि शेजारी कुणी हळूहळू जेवत असेल तर आपल्या ताटात बघा.

परवा दुपारची गोष्ट. वहिनीने नेहमीसारखं नानांचं ताट स्वयंपाकघरात भिंतीशी ठेवलं. नानांनी ते उचललं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. रस्ता समोरच, येणारे-जाणारे बघतात. मी दारात उभी होते. शेजारचे दगडूकाका आले, टेकले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “नाना, लई टाइम लागतो की ओ तुमाला जेवायला.”

मी तोंड उघडलं होतं. नाना माझ्या आधी बोलले.

“लागतो. तुला घाई हाय का?”

“न्हाई,” दगडूकाका म्हणाले.

“मग बस.”

काका बसले.